कणकेचं पॅकिंग

रूपराव मिस्त्रीच्या कानाची तळेगावात जेवढी कीर्ती होती, तेवढी एखाद्या गवयाच्या गळ्याचीही नसेल. नागपूर-अमरावती रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाखाली त्याचं गॅरेज. रूपराव जेवायला बसलेला असावा, रस्त्यावरून भरला ट्रक जावा, आणि यानं हातातला घास हातातच धरून म्हणावं, "मांगचं बेरिंग गेलं याचं. तिवशाच्या पुढं नाई जात." दोन तासांनी त्याच ट्रकचा क्लीनर एसटीनं परत येऊन हात जोडून उभा. असं एकदा नाही, पन्नासदा झालं होतं. इंजिन आपल्याशी बोलतं, असं रूपराव म्हणायचा, आणि म्हणताना चेहरा असा करायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, बोलतही असेल बुवा.

ही गोष्ट एक्क्याऐंशी सालच्या दसऱ्याची. तोवर इंजिनांनी रूपरावशी बोलणं सोडलं होतं. म्हणजे ती बिचारी बोलतच होती, ऐकणारा उरला नव्हता.

दोन वर्षांमागं एका ट्रकच्या चाकात हवा भरताना टायर फुटला, तो नेमका याच्या उजव्या कानाशी. तीन दिवस कानात रातकिडे ओरडले. चौथ्या दिवशी रातकिडे गेले आणि जाताना बाकीचं सगळं सोबत घेऊन गेले. डावा कान शाबूत होता, पण तोही वयापरत्वे आळसावला. समोर बसून बोललेलं त्यात शिरायचं. काही बारीक असलं, फुसफुस असली, तर ती दारावरूनच परत जायची.

रूपरावनं हे कोणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. कानावर नाव कमावलेल्या मिस्त्रीनं ऐकू येत नाही म्हणणं म्हणजे सोनारानं पितळ ओळखता येत नाही म्हणण्यासारखं. त्यानं दुसऱ्या वाटा काढल्या. बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटायचा. थरथर बरंच काही सांगून जायची. गिऱ्हाइकाला परीक्षा घेतल्यासारखं विचारायचा, "आंधी तू सांग, तुले काय आयकू येते?" आणि एक नेम त्यानं कडक पाळला. 'काय?' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. कळलं नाही की "हं, पाहू" म्हणायचं. दहापैकी नऊ वेळा हे उत्तर चपखल बसतं. दहाव्या वेळी लक्ष्मणराव पाटलांनी येऊन म्हातारी आई गेल्याचं सांगितलं, तेव्हाही हा "हं, पाहू" म्हणून पुन्हा ट्रकखाली शिरला.

गंमत अशी, की याच दोन वर्षांत त्याला गावकऱ्यांचा एक दुर्गुण दिसू लागला होता. सगळे ओरडून बोलत. समोरच्या टपरीतला चहावाला मोतीलाल तर "मिस्त्री, चाऽऽय!" अशी आरोळी ठोकायचा की कडुनिंबावरचे कावळे उडायचे. "लोकाईले बोलाची रीतच नाई राह्यली," रूपराव घरी येऊन कुरकुरायचा. घर म्हणजे गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या. त्याची बायको कोकिळा भाकर थापता थापता म्हणायची, "हो ना बाप्पा, जमानाच तसा आला." आणि तेही जरा मोठ्यानंच. ओट्यावर बसायची जागाही तिनं बदलली होती. जन्मभर नवऱ्याच्या उजव्या हाताला बसणारी बाई आता डावीकडं बसायची. उजवीकडून हवा लागते म्हणे.

तर अशा या मिस्त्रीच्या दारात नरहर मास्तरांची शेवरलेट उभी होती.

नरहर मास्तर वर्ध्याचे. शाळेत चित्रकला आणि हस्तव्यवसाय शिकवून निवृत्त झालेले. ही सत्तेचाळीस सालची मोटार त्यांना एका जुन्या जिनिंगच्या गोदामात सापडली होती, सरकीच्या पोत्यांखाली. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि तिला उठवून मास्तरांनी मोटार ताब्यात घेतली. ट्रकला बांधून ती तळेगावला आणली, कारण एवढं जुनं इंजिन उघडायची हिंमत पंचक्रोशीत एकट्या रूपरावची. त्याला आता तीन वर्षं होत आली होती. दर रविवारी मास्तर वर्ध्याहून आर्वीची एसटी धरायचे, आर्वीला बदलून तळेगावला उतरायचे, दिवसभर घासायचे, रंगवायचे, शिवायचे आणि शेवटच्या गाडीनं परत जायचे. त्यांच्या बायकोचं, शरयूबाईंचं म्हणणं असं, की दर रविवारी एसटीनं जाऊन भेटावी लागते अशी सवत त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

मास्तरांनी बाईंना शब्द दिला होता. यंदाचं सीमोल्लंघन मोटारीतून.

आणि मोटार तयार झाली होती हो! गडद हिरवा रंग, चांदीसारखे लखलखणारे बंपर, मास्तरांनी स्वतः शिवलेल्या खादीच्या गाद्या. सुरू व्हायची, धावायची. फक्त एक खोड होती. पाय दाबला की वाघ, पाय काढला की शेळी. उभी केली की इंजिन धापा टाकायचं, चढायचं, उतरायचं, सगळी मोटार झोपेत दचकल्यासारखी हलायची आणि बंद पडायची.

"हवा चोरून राह्यली," रूपरावनं पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याला काही कान लागत नाही. इंजिन पेट्रोल आणि हवा मापात ओढून घेतं, कार्बोरेटरमधून. दुसरीकडून कुठून हवा आत शिरली की माप बिघडतं. शिजलेल्या वरणात कोणी गुपचूप तांब्याभर पाणी ओतावं तसं. प्रश्न एवढाच, की भोक कुठं? सुईएवढी फट पुरते. आणि ती शोधायची एकच जुनी रीत: रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं टोक इंजिनाच्या जोडांवरून फिरवायचं, आणि फुसफुस ऐकू आली की झालं.

फुसफुस! नेमकी फुसफुसच!

आठ दिवस रूपरावनं नळी कानात घालून नाटक केलं. नाटकासोबत खरं कामही केलं. वायपरच्या नळीपासून सुरुवात केली. या मोटारीचे वायपर विजेवर नव्हते. इंजिन जी हवा आत ओढतं, त्याच ओढीवर ते फिरायचे. मास्तरांना याचं भारी कौतुक. ती नळी चिरलेली निघाली. रूपरावनं नवी घातली. फरक पडला, पण आठ आण्यांत दोन आण्यांचा. वायपर अजून पाठ धरलेल्या म्हाताऱ्यासारखेच सरकत. मग इंजिनाला धरलेल्या मोठ्या नळ्यांचे नट आवळले. जोडांवर तेल सोडलं. फटीवर तेल पडलं की ती क्षणभर बुजते आणि इंजिनाचा सूर बदलतो. तो सूर ऐकायला मोतीलालला बोलावलं. मोतीलाल दर थेंबाला "एकदम बढिया!" म्हणून ओरडला. शेवटी पंख्याचा आवाज मध्ये येतो म्हणून रूपरावनं पंख्याचा पट्टासुद्धा काढून ठेवला. ऐकू आले फक्त रस्त्यावरचे ट्रक.

एकच जोड त्यानं पाहिला नव्हता. कार्बोरेटर जिथं बसतो तिथला. तो मास्तरांनी वर्ध्याला नेऊन, रॉकेलमध्ये धुऊन, एका रविवारी स्वतःच्या हातानं बसवला होता. "खाली पॅकिंग नवं घातलं ना, मास्तर?" रूपरावनं तेव्हाच विचारलं होतं. पॅकिंग म्हणजे दोन लोखंडांच्या मध्ये हवा जाऊ नये म्हणून घालायची चकती. ती खास शीटमधून कापतात. "अगदी नवं. नागपूरच्या शीटचं," मास्तर म्हणाले होते. मास्तर माणूस. चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलेला. त्याच्या शब्दावर पाना घालून काय पाहायचं?

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी रूपरावनं हत्यारं धुवायला काढली. लहानमोठे पाने, पेचकस, हातोड्या, जॅक. रॉकेलनं पुसून एकेक पाटावर मांडू लागला. दसऱ्याला पूजलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत उचलायचं नाही, हा त्याच्या वडिलांपासूनचा नेम. वडील लोहार होते, त्यांची भट्टीही त्या दिवशी थंड असायची. बारा नंबरचा पाना ठेवताना रूपरावचा हात थांबला. पस्तीस वर्षं हा पाना त्याच्या हातात होता. मधल्या भागात बोटांचा खळगा पडला होता. त्यानं मनाशी ठरवलं. उद्यापर्यंत चोरी सापडली तर ठीक. नाही सापडली तर पूजेत ठेवलेली हत्यारं पूजेतच राहतील. परवा उचलायची नाहीत. उद्या कोणी म्हणायच्या आत आपणच म्हणावं, की मिस्त्री संपला.

त्याला फार वाईट वाटलं. इतकं, की त्यानं अर्धी भाकर ताटातच सोडली आणि कोकिळानं ती झाकून ठेवली.

दसऱ्याच्या सकाळी मास्तर आणि शरयूबाई एसटीनं उतरले. बाईंनी जरीकाठी साडी नेसली होती, हातात आपट्याच्या पानांची पिशवी. त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "सवत देखणी आहे हो."

"चालते का?" मास्तरांनी हळूच विचारलं.

रूपरावनं त्यांच्या ओठांवरून ओळखलं. "चालते. उभी राहत नाई."

मास्तरांचा चेहरा उतरला. थोडा वेळ ते बंपर पुसत राहिले. मग समोर येऊन, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाले, "रूपराव, राग मानू नका. नागपूरला एकाकडे मीटर आहे म्हणतात. नळी जोडली की सुई सांगते हवा चोरते की नाही. परवा ट्रकला बांधून नेऊन पाहतो."

"हं, पाहू," रूपराव म्हणाला. या वेळी त्याला सगळं ऐकू आलं होतं.

पूजा मांडली. पाटावर हत्यारं, हळदकुंकू, झेंडू. मोटारीला हार, तोही असा लांब की काचेवरून खाली लोंबत होता. चाकांखाली लिंबं. कोकिळा पुरणाची कणीक भिजवून, तेलाच्या हातानं तिंबून, परातीत झाकून आली आणि पूजेला बसली, पुन्हा डावीकडं. "अवं, पूजेले तरी उजव्या हाताले बस," रूपराव म्हणाला. "गुडघा दुखते त्या अंगानं," ती म्हणाली. कुठल्या अंगानं बसल्यावर गुडघा दुखत नाही, हे गुडघ्यालाही कळलं नसतं, पण रूपरावनं नारळ हातात घेतला.

नारळ फुटला. मोतीलाल, पाटील आणि आणखी पाच-सात जण जमले होते. "मुहूर्ताले चालू तं करा!" मोतीलाल ओरडला. मास्तरांनी बॉनेट उघडून ठेवलं आणि मोटार सुरू केली. बाईंना दाखवायला वायपरही लावले. इंजिन धापा टाकू लागलं. वायपर हाराला कसेबसे ढकलत, अर्ध्यात थांबत, पुन्हा निघत.

कोकिळाचं मन मोठं. तिनं हत्यारांना ओवाळलं, दिव्यांना ओवाळलं, चाकांना ओवाळलं, आणि मग तिच्या मनात आलं की सगळ्या कटकटीचं मूळ तर आत आहे, त्यालाच का सोडायचं? पेटत्या उदबत्त्यांचा जुडगा घेऊन ती थेट इंजिनावर वाकली.

"अवं! पेट्रोल हाय ते! गाव जाळतं का?" रूपराव गरजला. कावळे उडाले. कोकिळा जिथल्या तिथं थिजली, हात तसाच कार्बोरेटरच्या वर.

रूपराव तिचा हात ओढायला पुढं झाला आणि तोही थिजला.

पट्टा काढलेला, त्यामुळं पंखा बंद. वारा नव्हता. धूर सरळ वर जायला हवा होता. जुडग्यातल्या चार उदबत्त्यांचा धूर जातही होता. पाचवीचा, खालच्या उदबत्तीचा, वर गेलाच नाही. तो वाकला, बुडाशी उतरला आणि कार्बोरेटरच्या खालच्या जोडात, संध्याकाळी म्हैस गोठ्यात शिरते तसा, सरळ आत शिरला.

रूपराव पाहत राहिला. दोन वर्षं तो कानांच्या मागं लागला होता, आणि डोळे बिचारे रिकामे बसले होते!

"हालू नको," तो म्हणाला. मोतीलालला वाळूची बादली आणायला लावली, कोकिळाच्या हातून एकच उदबत्ती घेतली, बाकीच्या दूर ठेवायला लावल्या. बेतानं, वीतभर अंतरावरून, सगळ्या जोडांवरून उदबत्ती फिरवली. इकडं धूर वर. तिकडं धूर वर. कार्बोरेटरच्या बुडाशी आला की आत. "सापडला चोर!" त्यानं एवढ्या मोठ्यानं सांगितलं की शरयूबाईंनी कानांवर हात ठेवले.

"मग उघडा की!" पाटील म्हणाले.

रूपरावनं पाटाकडं पाहिलं. बारा नंबरचा पाना कुंकवानं माखून झेंडूखाली पडला होता. सगळ्यांनी तिकडंच पाहिलं. दुसरा सूर्य उगवायला अजून अख्खा दिवस आणि अख्खी रात्र जायची होती आणि सीमोल्लंघन आज होतं.

"कोकिळे," रूपराव म्हणाला, "कनिक भिजवली का?"

"पुरनाची हाय ते! नैवेद्याची!"

"त्यातली लिंबाएवढी दे. देवाले मी समजावतो."

तेलात तिंबलेली, रबरासारखी मऊ कणीक आली. रूपरावनं हात ओले केले, तिची वळी केली, आणि इंजिन चालू असतानाच कार्बोरेटरच्या बुडाभोवती बोटांनी दाबत गेला. लोखंड तापलेलं. बोटं पोळली, पण त्यानं सोडलं नाही. शेवटचं टोक दाबलं आणि मडगार्डवर तळहात ठेवायला गेला, तेवढ्यात काचेवर काहीतरी सपकन हललं.

वायपर! आत्तापर्यंत कण्हत सरकणारे वायपर सपासप फिरायला लागले होते. झेंडूच्या हाराचा एक पदर त्यांनी उडवला तो पाटलांच्या टोपीवर. इंजिनाची ओढ पुरी झाली होती, कुठूनही चोरी नव्हती. नागपूरच्या मीटरची सुई काय निराळं सांगणार होती? रूपरावनं तळहात टेकवला. मोटार मांजरासारखी एकसुरात गुरगुरत होती. त्याला ती तळहातात ऐकू आली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शरयूबाई हसत होत्या. एकटे मास्तर गाडीत बसून खाली पाहत होते. मग ते उतरले, रूपरावच्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "रूपराव, ते पॅकिंग शीटचं नाही. नागपूरहून शीट आणायची राहून गेली. मग मीच कापलं. हातकागदाचं."

"हातकागद?"

"जाड होता. मजबूत वाटला. कंपासनं भोकं पाडून इतकं सुबक कापलं होतं, की मला वाटलं, शीटपेक्षा आपला वर्ध्याचा हातकागद काय कमी आहे? आणि तुम्ही विचारलंत तेव्हा लाज वाटली. एकदा खोटं बोललो, मग फिरवता येईना."

"म्हणजे माझ्या चित्रांचा कागद!" शरयूबाई म्हणाल्या. "मी उंदरांवर आळ घेतला होता! अहो, तो शाईसुद्धा गटागट पितो. हवा पिणार नाही का?"

सगळे हसले. रूपरावला मात्र हसू फुटेना. आठ दिवस आपण ज्याचा शब्द देवासारखा मानला, तो माणूस समोर सगळ्यांदेखत खोटं कबूल करत होता, आणि आपण? कानात नळी घालून डोलत होतो.

"मास्तर, तुमी एक डाव खोटं बोलले," तो म्हणाला. "मी दोन वर्सं बोलून राह्यलो. मले आयकू नाई येत. उजवा कान गेला, डावाबी गेल्यातच जमा. हे आठ दिवस मी नुसती रबरी नयी कानात घालून बसलो होतो."

आता आभाळ कोसळणार, असं त्याला वाटलं. आभाळ कोसळलं नाही. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि मोतीलाल आपल्या नेहमीच्या आरोळीत म्हणाला, "मिस्त्री, वो तो पुऱ्या गावाले मालूम हाय!"

"कोनं सांगतलं?"

"सांगाले कायले पायजे?" पाटील म्हणाले. "माही माय मेली तं तुमी 'पाहू' म्हनलं."

त्या दिवशी तळेगावात जेवढं हसणं झालं तेवढं पुढच्या शिमग्यालाही झालं नाही. रूपराव ओशाळला, मग त्यालाही हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन्ही एकदमच चालू राहिलं. म्हणजे गाव ओरडत होतं ते त्याच्यासाठी! आणि तो त्यांची रीत काढत होता.

"मंग ट्रक काऊन आणता माह्याकडं?" त्यानं विचारलं.

"आंधी तुमी आयकून मोकळे होत होते," मोतीलाल म्हणाला. "आता आयकू येत नाई म्हनून सारं खोलून पाह्यता. काम पक्कं होते ना जी!"

रूपरावनं वळून कोकिळाकडं पाहिलं. ती परातीवर फडकं झाकत होती. "तुले कधीपासून मालूम?"

"टायर फुटला त्या आठवड्यापासून," ती म्हणाली. "दूध उतू गेलं अन् तुमी बाजूले बसून बिडी वढून राह्यले होते. तवापासून मी डाव्या अंगानं बसतो."

"अन् गुडघा?"

"गुडघा चांगला हाय."

सीमोल्लंघनाला पंख्याचा पट्टा हवा होता, नाहीतर पाणी उकळलं असतं. पाना तर उचलायचा नव्हता. रूपरावनं पट्टा हातानं चढवला, तो ताणला जावा म्हणून डायनॅमो खांद्यानं बाजूला रेटला आणि मधल्या फटीत चुलीतलं लाकडाचं ढलपं कोकिळाच्या वरवंट्यानं ठोकून बसवलं. वरवंट्याची पूजा झाली नव्हती, त्यामुळं देवाचीही हरकत नसावी. मास्तर चालवायला बसले, शेजारी शरयूबाई, मागं खादीच्या गादीवर रूपराव आणि त्याच्या डावीकडं कोकिळा. मोटार आर्वी रस्त्यानं निघाली. गावाची शीव ओलांडली तेव्हा तारेवर नीळकंठ बसला होता. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ, म्हणून शरयूबाईंनी मोटार थांबवायला लावली. मोटार थांबली. आणि उभी राहूनही बंद पडली नाही! मास्तरांनी मुद्दाम दोन मिनिटं तशीच उभी ठेवली. बॉनेटमधून खरपूस वास येऊ लागला, तव्यावर पोळी टाकल्यासारखा. कोकिळानं नवऱ्याच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि त्याच्या डाव्या कानाशी म्हणाली, "सोनं घ्या. अन् माह्या नैवेद्याची कनिक जळून राह्यली."

दुसऱ्या दिवशी सूर्य कडुनिंबाच्या वर आल्यावर रूपराव पाटासमोर उभा राहिला. मास्तर आणि शरयूबाई पाटलांकडं मुक्कामाला होते, अजून यायचे होते. त्यानं झेंडू बाजूला सारले, बारा नंबरचा पाना उचलला, त्याचं कुंकू कपाळाला लावलं आणि कार्बोरेटर खोलला. कणकेची वळी भाजून तांबूस, दगडासारखी कडक झाली होती. ती त्यानं रस्त्यावरच्या कुत्र्याला टाकली. कुत्र्यानं हुंगली आणि मान्य केली. खालचा हातकागद मात्र खरोखर सुबक कापलेला होता. रूपरावनं तो फेकला नाही, खिळ्याला अडकवून ठेवला. मग पेटीतून शीटचा तुकडा काढला आणि कार्बोरेटरचं बूड त्याच्यावर ठेवून नवं पॅकिंग आखू लागला.

मागच्या दारातून कोकिळा काहीतरी म्हणाली. नेमका तेव्हाच एक ट्रक गेला. "हं, पाहू," रूपरावच्या जिभेवर आलं. त्यानं ते गिळलं, पाना हातात धरूनच मागं वळला आणि म्हणाला, "काय?"

समोर मोतीलालचा चहा गाळता हात थांबला.

"चहा ठेवू का, म्हनलं!" कोकिळा म्हणाली.

"ठेव," रूपराव म्हणाला. "अन् मी पुन्हा इचारलं तं पुन्हा सांगजो."

"सांगीन ना," ती म्हणाली आणि आत जाऊन तिनं दूध चुलीवर ठेवलं.